मिटलेलं कडं

४ फेब्रुवारी

ही वही सूनबाईने दिली. म्हणाली, "बाबा, एकच गोष्ट मला दिवसातून दहा वेळा सांगण्यापेक्षा हिच्यात लिहीत जा. वही वैतागत नाही." तिचं चुकलं नाही. पायजम्याची नाडी तुटली तरी मला घोर लागतो, हे माझं मलाही कळतं. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर वाचता येण्यासारखं आहे.

तर लिहायचं ते हे. आज कारखान्यात उत्तरेच्या खिडकीपाशी कातडी निवडताना डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, एक पुळी दिसली. फोड म्हणावा तर आत पाणी नाही. हातमोज्याला मनगटाशी जे बारीक मोत्याचं बटण लावतात तेवढी. लालसर जांभळी, वरून चकचकीत. दाबून पाहिली. दुखत नाही. दुखली असती तर बरं वाटलं असतं.

छप्पन्न वर्षं मी हेच काम करतोय. हातमोज्यांसाठी आलेलं एकेक कातडं उजेडात ताणायचं, त्यावरून अंगठा फिरवायचा, आणि जिथे काटा ओरखडल्याची किंवा गोचीड चावल्याची खूण असेल तिथे जांभळ्या पेन्सिलीने कडं काढायचं. कड्याची एक बाजू उघडी सोडायची, म्हणजे कात्री कुठून वळवायची ते कापणाऱ्याला कळतं. एक दोष असेल तर कातडं दुसऱ्या नंबरात. दोन असतील तर कतरणीच्या पेटीत. हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे. मी तो एकदाही मोडलेला नाही.

सवयीने पेन्सिल जिभेला लावली आणि पुळीभोवती कडं काढलं. एक बाजू उघडी.

१० फेब्रुवारी

या पेन्सिलीचं कडं धुतलं तरी आठ दिवस जात नाही. पुळी आज कड्याला येऊन टेकली आहे. बाहेरून दुसरं काढलं आणि शेजारी तारीख घातली.

१७ फेब्रुवारी

शर्टाच्या बटणाएवढी झाली. कडी तीन. सूनबाईला दिसू नये म्हणून बाही खाली ओढून बसतो. ती विचारते, बाबा, थंडी वाजते का? वाजते म्हणतो.

ती घरी बसून हातमोजे शिवते. टाका चुकला की तीही माझ्याच पेन्सिलीने खूण करते, पण कडं पूर्ण मिटवून टाकते, लहान मुलं सूर्य काढतात तसं. आज पुन्हा सांगितलं की मिटलेल्या कड्यातून कात्री बाहेर कशी येणार. ती म्हणाली, "मला कुठे कापायचंय, बाबा? मला उसवायचंय. नजरेतून सुटू नये एवढ्यासाठीच खूण." हिला काही शिकवायचं म्हणजे भिंतीशी बोलणं.

खिडकीशेजारी आमच्याकडे नमुन्याचं एक जुनं कातडं टांगलेलं आहे. त्यावर सगळे दोष आहेत, प्रत्येकाखाली नाव. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी हात त्या कातड्याला लावून एकेक दोष ताडून पाहिला. माझा त्यात नाही. इतक्या वर्षांत माझ्या अंगठ्याखालून हजारो जनावरं गेली आणि हा दोष मी एकदाही पाहिलेला नाही. हात काढून घेतला तेव्हा वारा नसताना ते कातडं हललं. मीच ढकललं असेल.

२८ फेब्रुवारी

कात्रीने पाहिलं. कात्री म्हणजे आमचा कापणीवाला. माझ्याच वयाचा, खरं नाव तो स्वतःही विसरला असेल. चहा घेताना बाही वर गेली आणि तो हसत सुटला, म्हणाला, लेका, तुझा आता दुसरा नंबर. मग त्याने कडी मोजली. पाच. तारखा वाचल्या. हसणं थांबलं. त्याने माझा कप काढून घेतला आणि म्हणाला, ऊठ, आत्ता जा.

कातडीची डॉक्टरीणबाई माझी नात शोभेल एवढी तरुण. तिने बराच वेळ नुसती कडी पाहिली. पहिली दोन पुसट झाली होती, त्यांच्या तारखा मी या वहीतून सांगितल्या. तिने सगळं उतरवून घेतलं आणि म्हणाली की आजोबा, इतकी नीट नोंद मला आजवर कुणी आणून दिली नव्हती. शाबासकी दिल्यासारखं बोलली, पण चेहरा तसा नव्हता. एक बारीक तुकडा कापून बाटलीत घातला. कात्रीची आठवण झाली.

८ मार्च

कर्करोग आहे. कातडीचाच, पण क्वचित कुणाला होणारा. वेगाने वाढतो. तुकडा तपासला तेव्हा त्यात एक विषाणू सापडला, त्याच्यामुळे झाला असं डॉक्टरीणबाई म्हणाली. पुढे बरंच काही सांगत होती. मला विषाणू एवढं ऐकू आलं आणि कान बंद झाले.

तिने काखेत आणि मानेशी बोटं फिरवून पाहिली. म्हणाली, इथे काही नाही, हे बरं आहे. सांध्यांसाठी घेतो त्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. त्या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्याला पेंग आणतात म्हणे. सव्वीस तारखेला कापायचं. पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी आणा, असं दोनदा बजावलं.

घरी आलो तर नात दारातच. दहा महिन्यांची आहे, रांगते. मला बघून दोन्ही हात वर केले. मी तिच्या बाजूने वळसा घालून आत गेलो. टॉवेल वेगळा केला, पेला वेगळा केला. मग आठवलं की पेन्सिल मी जिभेला लावतो आणि सूनबाईही लावते. हे आठवल्यापासून पेन्सिल माझ्या वहीपाशीच ठेवतोय.

१२ मार्च

चार दिवस नातीला हात लावलेला नाही. आज ती रांगत खाटेपाशी आली तर मी पाय वर घेऊन उभाच राहिलो. या वयात खाटेवर उभा. सूनबाई दारातून बघत होती. इतके दिवस ती काही बोलली नव्हती. आज म्हणाली, "बाबा, त्या पोरीने तुमचं काय घोडं मारलंय?"

मला खोटं सुचेना. बाही वर केली आणि सगळं सांगून टाकलं. मुलाला कळवू नकोस म्हणालो, तो ट्रक घेऊन चार दिवसांच्या वाटेवर आहे. तिने माझा हात उजेडाकडे वळवून पाहिला. मग सुईतला दोरा काढून ठेवला आणि म्हणाली की परवा मी येणार आहे. येऊ का, असं विचारलं नाही.

१४ मार्च

आज नीट ऐकलं. सूनबाईने विचारलं म्हणून डॉक्टरीणबाईने पहिल्यापासून सांगितलं.

हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या कातडीवर असतो. डॉक्टरीणबाईच्या, सूनबाईच्या, रस्त्यावरच्या कुणाच्याही. जन्मभर राहतो आणि काही करत नाही. पोटभाडेकरूसारखा, मी म्हणालो. ती म्हणाली, तसंच समजा. पण लाखांत एखाद्याच्या बाबतीत तो पेशीच्या आत शिरतो, तिच्या मूळ लिखाणात घुसतो आणि घुसताना स्वतःच मोडतो. मग त्याला बाहेर पडता येत नाही. पेशी तेवढी वाढत सुटते. अशा दहा गाठी तपासल्या तर आठांत तरी तो अडकलेला सापडतो. वय आणि गोळ्या यांनी त्याला मदत केली. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, नातीला खुशाल घ्या.

मी विचारलं, मला तो कुठून आला? कारखान्यातल्या कातड्यांतून?

ती म्हणाली, "नाही हो आजोबा. माणसाचा माणसालाच येतो, बहुतेक अगदी लहानपणी. जो कुणी तुम्हाला उचलत असेल, अंघोळ घालत असेल, त्याच्या हातावरून."

निघताना तिने सूनबाईला थांबवून घेतलं. मी बाहेरच्या बाकावरून काचेतून पाहत होतो. डॉक्टरीणबाई स्वतःची काख दाबून काहीतरी दाखवत होती आणि सूनबाई मान हलवत होती. बायकांचं काही असेल.

१५ मार्च

मला उचलणारं, अंघोळ घालणारं एकच माणूस होतं. मी चार वर्षांचा असताना आई गेली. तिचा फोटो नाही. चेहरा आठवत नाही. एकच आठवण आहे. रस्ता ओलांडताना मी हात सोडवून पळायचो, म्हणून ती मला पंजाला धरायची नाही. मनगटाच्या वर धरायची, घट्ट. डाव्या हाताला.

आज बाही वर करून उजव्या हाताने तिथे धरून पाहिलं. गाठ बरोबर अंगठ्याखाली आली.

१८ मार्च

गाठ आता कोटाच्या बटणाएवढी. सकाळी उठल्यावर आधी तिच्याकडे बघतो. परवापासून तिच्याशी बोलतोय. काय बोलतो ते लिहीत नाही. आई गेल्यानंतर इतक्या वर्षांत तिचं म्हणून माझ्यापाशी काही उरलंय असं मला वाटलंच नव्हतं, आणि ते इथे होतं. दाढी करताना, जेवताना, लग्नात, बायकोला पोचवून आलो त्या दिवशीसुद्धा. गप्प बसून होतं. आता बाहेर यायला बघतंय आणि वाट सापडत नाही.

सूनबाईला सांगितलं की सव्वीसला जायचं नाही. तिने कारण विचारलं. ते काय सांगणार? म्हणालो, माझा हात, माझी मर्जी. तिने मुलाला फोन लावला. तो गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बोलला, आधी चिडून, मग रडवेला होऊन. मी फोन ठेवला आणि सूनबाईला सांगितलं, "आजपासून या घरात त्या गाठीचं नाव काढायचं नाही. माझ्यासमोर एक शब्द नको."

ती म्हणाली, "नाही काढणार, बाबा." आणि भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज मात्र रोजच्यासारखा नव्हता.

१९ मार्च

अंघोळ करताना डाव्या काखेत काहीतरी हाताला लागलं. आत खोल, हरभऱ्याएवढं, टणक. बोटाखाली सरकतं. दुखत नाही.

परत शोधलं. आहे.

हे कुणाला सांगणार नाही. एक दोष असला तर दुसरा नंबर. दोन असले की काय करतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मीच टाकलेत आजवर. चांगली, मऊ, मोठी कातडी, दोन कडी काढली की बघायचंसुद्धा नाही, पेटीत. डॉक्टर झाले तरी कामाची रीत तीच असणार. पेन्सिल उचलली होती, पण इथे कडं काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोष दिसूनही खूण केली नाही.

२२ मार्च

सूनबाई छपरावर कपडे वाळत घालायला गेली आणि नातीला माझ्यापाशी सोडून गेली. मी तिला मांडीवर घेतलं. इतक्या दिवसांनी घेतलं म्हणून आधी ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने माझा डावा हात धरला. बोट नाही, पंजा नाही. मनगटाच्या वर, गाठीला लागून, पाचही बोटांनी. त्या एवढ्याशा मुठीत एवढा जोर कुठून आला? मी हात ओढून पाहिला. सोडेना.

मग डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवलं. जो उचलतो त्याच्या हातावरून. हिच्या जन्मापासून मी हिला उचलतोय. म्हणजे आईचं जे माझ्याकडे आलं होतं ते पुढे कधीच गेलंय. इथे बसून माझ्याकडे बघतंय, शहाण्यासारखं, मोडलेलं नाही. माझ्या हातात जे आहे ते वाट चुकलेलं आहे. ते गेलं तर आई जात नाही.

सूनबाई बादली घेऊन खाली आली तेव्हा सांगितलं, सव्वीसला जाऊ. तिने बादली खाली ठेवली, पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, ऊन फार आहे वर.

काखेतलं सांगितलं नाही.

२५ मार्च

दुपारी बनियनवर झोपलो होतो, उकडत होतं. डोक्याखाली हात घेऊन झोपायची माझी जुनी सवय. झोपेत वाटलं, कुणीतरी माझा हात हलकेच वर सरकवतंय. ओलं, गार काहीतरी काखेत फिरलं. मला जाग येत होती, पण यावीशी वाटत नव्हती. कुणीतरी लहान मुलासारखं मला आवरतंय, असं काहीसं होतं ते.

उठलो तर खोलीत कुणी नव्हतं. दार लोटलेलं. पेन्सिल वहीपाशी ठेवलेली असते, ती खिडकीत होती. सूनबाई स्वयंपाकघरात होती. तिच्या ओठाला जांभळा डाग दिसला तेव्हा मी सांगितलं, पेन्सिल चाटू नकोस, चांगली नसते. ती हो म्हणाली आणि नळ सोडून तोंड धुवायला लागली.

उद्या जायचं आहे. पिशवी भरली. दोनदा काढून पुन्हा भरली.

२६ मार्च

आज ऑपरेशन झालं नाही. काय झालं ते नीट लिहितो, कारण माझाच विश्वास बसत नाही.

मला हिरवा झगा घातला. नर्सने हात पुसायला घेतला. काखेतली गोष्ट लपवायची म्हणून मी दंड अंगाला घट्ट दाबून धरला होता. डॉक्टरीणबाई आली आणि म्हणाली, हात वर करा. मी म्हणालो, सांध्यामुळे होत नाही. तिने स्वतःच हळूच वर केला आणि थांबली. तिने आरशासारखी काहीतरी चकचकीत ताटली धरून मला दाखवलं.

काखेत कडं होतं. जांभळं. बरोबर त्या हरभऱ्याभोवती.

"हे कधी काढलंत?" तिने विचारलं. मी काढलंच नव्हतं. पण मी तसं सांगायच्या आत तिची बोटं काखेत होती. तिने दाबून पाहिलं, नर्सशी बोलली. सुईने आतलं काढून घेतलं, मला मशिनीत घालून पाहिलं. संध्याकाळी सांगितलं की गाठ तिथेही पोचली आहे, पण पुढे कुठे गेलेली नाही. दोन्ही एकदमच काढू, परवा.

मी विचारलं, "दोन असले तर टाकत नाही का?"

तिला प्रश्न कळला नाही. म्हणाली, "टाकायचं काय, आजोबा? बरं झालं खूण केलीत. खूण नसती आणि नुसती हातावरचीच गाठ कापून घरी पाठवलं असतं, तर मग माझ्या हातात काही राहिलं नसतं."

ते कडं मी सारखं आठवून पाहतोय. पूर्ण मिटलेलं होतं. मी कडं कधी मिटवत नाही. छप्पन्न वर्षांत एकही मिटवलेलं नाही. माझ्या हातून ते निघणारच नाही.

आईला लिहिता येत नव्हतं असं वडील सांगायचे. कडं काढायला लिहिता यावं लागत नाही.

३ एप्रिल

दोन्ही गाठी काढल्या. सहा दिवस झाले. आता किरणं द्यायची आहेत, सहा आठवडे, आणि नंतर दर तीन महिन्यांनी तपासायचं. गाठ परत येऊ शकते, हे डॉक्टरीणबाईने झाकून ठेवलं नाही. पण आज नाही, असं म्हणाली.

कात्री भेटायला आला होता. मी त्याला दोन दोषांचं बोललो, माझ्या मनात काय होतं तेही. त्याने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "लेका, तू पेटीत टाकलेली कातडी मी कधी टाकली नाहीत. तू घरी गेलास की काढून घ्यायचो. दोन कड्यांच्या मधून हातमोज्याचे अंगठे निघतात. चाळीस वर्षं या कारखान्याचे निम्मे अंगठे तुझ्या पेटीतले आहेत." मी म्हणालो, मला कधी सांगितलं नाहीस. तो म्हणाला, तू झोपला नसतास.

सूनबाईने पट्टी बदलताना टाके जवळून पाहिले. हातावरचे चांगले आहेत, काखेतला शेवटचा जरा सैल आहे, असं तिचं म्हणणं पडलं. डॉक्टरीणबाईला सांगू नकोस म्हणालो.

९ एप्रिल

काखेतली चीर बरोबर कड्याच्या मधून गेली आहे. पुसूनपुसून फिकं झालं तरी दोन्ही बाजूंना त्याच्या दोन कमानी अजून दिसतात. अंघोळ करताना तेवढा भाग मी कोरडा ठेवतो. आपोआप जाईल तेव्हा जाईल.

कोण आलं होतं ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. माणसं हसतात. सूनबाईला एवढंच विचारलं, की त्या दुपारी, पंचवीस तारखेला, घरात कुणी आल्यासारखं तुला वाटलं का? ती खाली मान घालून शिवत होती. म्हणाली, "मी इथेच तर होते, बाबा. कुणी परकं आलं असतं तर कळलं असतं."

नात तिच्या पायाशी बसून रिकामं रीळ चोखत होती. सूनबाईचा एक टाका चुकला. तिने पेन्सिल जिभेला लावली आणि चुकलेल्या टाक्याभोवती कडं काढलं. सावकाश, दोन्ही टोकं नीट जुळवून, पूर्ण मिटलेलं.

हिला किती वेळा सांगितलंय. आज काही बोललो नाही.